गावांचे युद्ध, पक्षांची बंदूक : सोव्हिएत ताब्याविरुद्धचा अफगाण प्रतिकार (१९७९-१९८९)

पदवी वर्गांच्या आधुनिक जगाच्या इतिहासात अफगाणिस्तान बहुधा शीतयुद्धाच्या प्रकरणात भेटतो. १९७९ साली सोव्हिएत फौजा आल्या, अमेरिकेने पाकिस्तानमार्फत शस्त्रे पुरविली, १९८६ मध्ये स्टिंगर क्षेपणास्त्रे आली आणि १९८९ मध्ये फौजा परत गेल्या, एवढ्या चार ओळींत विषय आटोपतो. या मांडणीत दोन महासत्ता दिसतात. ज्यांच्या शेतांवरून आणि घरांवरून हे युद्ध गेले ती माणसे दिसत नाहीत. याच्या उलट दुसरी मांडणी शौर्यकथेची आहे. तिच्यात मुजाहिदांचा पराक्रम आहे, बलिदान आहे. परंतु त्याच मुजाहिदांच्या पक्षांनी १९९२ नंतर आपल्याच राजधानीवर तोफा का डागल्या, याचे उत्तर तिच्यापाशी नाही.

प्रस्तुत लेखात या दोन्ही मांडण्यांच्या मधली जागा शोधण्याचा प्रयत्न आहे. सोव्हिएत फौजेला थकविणारा प्रतिकार मुळात गावांचा होता. तो विखुरलेला होता आणि विखुरलेपण हेच त्याचे बळ होते. मात्र दहा वर्षांच्या युद्धात गावाची घडी मोडली, निर्णयाचा अधिकार गावातून पक्षाकडे आणि वडीलधाऱ्यांकडून बंदूकधारी कमांडरकडे गेला. परकी फौज निघून गेली तेव्हा तो विजय सांभाळू शकेल अशी संस्था देशात उरली नव्हती. विजय आणि त्यानंतरची वाताहत या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच प्रक्रियेची दोन टोके होत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

पूर्वपीठिका

मराठी वाचकाच्या मनात ‘अफगाण’ हा शब्द प्रथम पानिपत आणि अहमदशाह अब्दाली यांच्याशी जोडलेला असतो. ती आठवण चढाई करून आलेल्या फौजेची आहे. एकोणिसाव्या शतकात चित्र उलटे झाले. १८३९ साली ब्रिटिशांनी काबूलच्या गादीवर शाह शुजाला बसविण्यासाठी जी फौज नेली, तिच्यात मुंबई इलाख्याची पथकेही होती. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून परतणाऱ्या ब्रिटिश फौजेचा खिंडींमध्ये नाश झाला. पुढे २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे ब्रिटिश फौजेचा मोठा पराभव झाला, त्या लढाईत मुंबई सैन्याची ग्रेनेडियर पलटण आणि जेकब्स रायफल्स ही पलटण होती. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी तिसऱ्याच्या देशात लढून मेलेल्या या हिंदी शिपायांची आठवण आपल्याकडे फारशी राहिली नाही. अफगाणिस्तानात मात्र मैवंद आणि तेथील मलालई या तरुणीची कथा घरोघरी पोहोचली. काबूलमधील मुलींच्या एका प्रसिद्ध शाळेला मलालईचेच नाव देण्यात आले.

या इतिहासावरून ‘साम्राज्यांचे स्मशान’ अशी एक घासून गुळगुळीत झालेली उपाधी अफगाणिस्तानला मिळाली. तिने काहीच स्पष्ट होत नाही. अफगाण माणूस स्वभावतःच लढवय्या असतो असे मानले, की तो केव्हा, कशासाठी आणि कोणाच्या नेतृत्वाखाली लढला हा प्रश्नच उरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर नेमका तोच प्रश्न विचारावा लागतो.

सौर क्रांती आणि पहिले उठाव

प्रतिकाराची सुरुवात सोव्हिएत फौजांच्या आगमनाने झाली, हा एक रूढ गैरसमज होय. ती त्यापूर्वी दीड वर्ष झालेली होती. २७ एप्रिल १९७८ रोजी पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीच्या समर्थक लष्करी अधिकाऱ्यांनी अध्यक्ष दाऊद खान यांची सत्ता उलथून टाकली. अफगाण पंचांगातील ‘सौर’ महिन्यात घडली म्हणून ही घटना सौर क्रांती या नावाने ओळखली जाते. नूर मुहम्मद तरकी सत्तेवर आले. नव्या सरकारने एकामागून एक फर्माने काढली. सहाव्या फर्मानाने गहाणवट आणि सावकारी कर्जांना हात घातला, सातव्याने वधूमूल्य आणि विवाहाचे वय यांवर बंधने आणली, आठव्याने कुटुंबाच्या जमीनधारणेला उत्तम जमिनीसाठी ३० जरीब म्हणजे सुमारे १५ एकर अशी मर्यादा घातली.

या सुधारणांपैकी कित्येकांचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु त्या राबविण्याची रीत विनाशकारी ठरली. जमीन वाटली, पण बियाणे, बैल आणि पाणी यांची व्यवस्था केली नाही. सावकाराचे कर्ज रद्द केले. पण पेरणीसाठी उसने कोठून आणायचे हे सांगितले नाही. साक्षरता वर्गात स्त्रियांना बळजबरीने बसविण्याचे प्रकार झाले. विरोध करणाऱ्या खान-मलिकांना, मुल्लांना आणि शहरांतील प्राध्यापक-विद्यार्थ्यांना काबूलजवळच्या पुल-ए-चर्खी तुरुंगात टाकण्यात आले. तेथून हजारो माणसे परतली नाहीत. त्या काळात ठार केलेल्या सुमारे पाच हजार लोकांची नावे असलेली सरकारी यादी नेदरलँडच्या सरकारी वकिलांनी २०१३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचे काय झाले हे चौतीस वर्षांनी कळले. त्या यादीत विद्यार्थी, शिक्षक, दुकानदार आणि मुल्ला अशा सर्व थरांतील नावे होती.

पहिले उठाव १९७८ मध्येच नूरिस्तानच्या डोंगराळ भागात झाले. १९७९ च्या मार्च महिन्यात हेरात शहर उठले. आसपासच्या गावांतील लोक शहरात शिरले आणि सरकारी सैन्याची सतरावी डिव्हिजन त्यांना मिळाली. इस्माईल खान हे त्याच सैन्यातील एक अधिकारी होते. सुमारे आठवडाभराने सरकारने बॉम्बफेक आणि रणगाडे यांच्या बळावर शहर परत घेतले. मृतांची संख्या पाच हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत सांगितली जाते. हेरातनंतर तरकी यांनी मॉस्कोकडे फौजेची मागणी केली, परंतु तेव्हा सोव्हिएत नेतृत्वाने ती नाकारली. सप्टेंबरमध्ये हफीझुल्लाह अमीन यांनी तरकींना दूर केले आणि पुढे त्यांची हत्या झाली. २७ डिसेंबर १९७९ रोजी सोव्हिएत पथकांनी ताजबेग महालात अमीन यांना ठार करून बबरक करमल यांना सत्तेवर बसविले. म्हणजे परकी फौज आली ती शांत देशात आलेली नव्हती. चालू असलेल्या यादवीत ती उतरली आणि तिच्या येण्याने त्या यादवीला परकी ताब्याविरुद्धच्या युद्धाचे रूप आले.

‘कौम’, मशीद आणि शबनामा

उर्दूत ‘कौम’ म्हणजे राष्ट्र किंवा समाज. अफगाणिस्तानात या शब्दाचा व्यवहारातला अर्थ पुष्कळ लहान आणि लवचीक आहे. नातलगांचा गट, एक दरी, एखादे गाव, कधी एका व्यवसायातील लोक, असे परस्परांच्या पाठीशी उभे राहणारे कोणतेही वर्तुळ म्हणजे कौम. फ्रेंच अभ्यासक ऑलिव्हिए रॉय यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिकाराची घडण समजून घेताना या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान दिले आहे. बहुतेक ठिकाणी उठाव झाला तो एका कौमचा. सरकारी ठाणे ताब्यात घेतले, आपला भाग मोकळा केला, की लोक पुन्हा शेतीकडे वळत. शेजारच्या दरीतील ठाणे ही त्या दरीतील लोकांची जबाबदारी मानली जाई.

लष्करीदृष्ट्या हा मोठा दोष होता, तसाच तो मोठा गुणही होता. ज्याचा पाडाव केला असता युद्ध संपले असते असे मुख्यालय नव्हते. ज्याला पकडले असता लोकांनी हत्यारे ठेवली असती असा सेनापतीही नव्हता. सोव्हिएत सैनिक प्रतिकारकांना ‘दुश्मान’ म्हणत. मराठी आणि उर्दू वाचकाला हा शब्द सांगण्याची गरज नाही. त्याचाच पुढे ‘दूखी’ असा अपभ्रंश रूढ झाला, आणि रशियन भाषेत त्याचा अर्थ होतो भुते किंवा आत्मे. दिसत नाही, पण आहे, अशा शत्रूला सैनिकांनी दिलेले हे नाव त्या युद्धाचे स्वरूप नेमके सांगते.

शहरांत प्रतिकाराची रीत वेगळी होती. रात्री मशिदीच्या दाराशी, दुकानाच्या फळीखाली, घराच्या उंबऱ्यात हस्तलिखित किंवा चक्रमुद्रित पत्रके टाकली जात. यांना ‘शबनामा’ म्हणजे रात्रपत्र म्हणत. १९८० च्या फेब्रुवारीत काबूलमध्ये अशाच आवाहनानंतर लोकांनी रात्री घरांच्या छपरांवर चढून ‘अल्लाहु अकबर’चा घोष केला, दुकाने बंद ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मोर्चे काढले. गोळीबारात शेकडो माणसे मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यांत मुलींच्या शाळांतील विद्यार्थिनी आघाडीवर होत्या आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. अफगाण प्रतिकाराचे चित्र डोंगर, पगडी आणि बंदूक एवढ्यापुरते रंगविले जाते तेव्हा या मुली त्यातून गळतात.

सुरुवातीची शस्त्रे साधी होती. जुन्या ब्रिटिश धर्तीच्या ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफली, सरहद्दीवरील दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी बनविलेल्या नकला आणि पळून आलेल्या सैनिकांनी सोबत आणलेल्या कलाश्निकोव्ह. सैनिकांचे पळून येणे हा शस्त्रपुरवठ्याचा मोठा मार्ग होता. १९७८ साली ८० ते ९० हजार असलेले अफगाण सरकारी सैन्य पहिल्या काही वर्षांतच निम्म्याहूनही कमी झाले.

रस्ता आणि दरी : पंजशीरचे उदाहरण

सोव्हिएत फौजेची संख्या एका वेळी साधारण एक लाखाच्या आसपास राहिली. एवढ्या फौजेत शहरे, विमानतळ आणि मुख्य रस्ते राखता येत होते. खेडी राखता येत नव्हती. फौजेचे इंधन, दारूगोळा आणि अन्न यांचा मोठा भाग अमू दर्यावरील तिर्मिझहून काबूलपर्यंतच्या चारशे किलोमीटरहून लांब रस्त्याने येई. हा रस्ता हिंदुकुश ओलांडतो तो सुमारे ३,४०० मीटर उंचीवरील सालंग बोगद्यातून. १९६४ साली खुला झालेला हा बोगदा सोव्हिएत मदतीनेच बांधलेला होता. पंजशीरची दरी या रस्त्याच्या जवळच उघडते, यातच तिचे महत्त्व आहे.

या दरीचे नेतृत्व अहमद शाह मसूद यांच्याकडे होते. काबूलच्या पॉलिटेक्निकमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडलेला हा तरुण १९८० साली सत्तावीस वर्षांचा होता. त्याने कौमची चौकट मोडली नाही, परंतु तिच्यावर दुसरी रचना उभी केली. प्रत्येक उपदरीत एक ‘करारगाह’ म्हणजे तळ ठेवला. गावाचे रक्षण गावातील माणसांकडे दिले, आणि त्यांच्याखेरीज कोठेही जाऊन लढू शकतील अशी फिरती पथके तयार केली. न्याय, करवसुली, धान्य आणि शिक्षण यांसाठी समित्या नेमल्या. १९८० ते १९८५ या काळात सोव्हिएत व सरकारी फौजांनी पंजशीरवर नऊ मोठ्या मोहिमा काढल्या. दर वेळी फौजा दरीत शिरत, प्रतिकारक बाजूच्या उंच नाळांत सरकत आणि फौजा पांगू लागल्या की परत येत.

१९८३ च्या जानेवारीत मसूद आणि सोव्हिएत अधिकारी यांच्यात थेट बोलणी होऊन युद्धविराम ठरला. इतर गटांनी यावरून त्यांच्यावर टीका केली. पण या वर्ष-सव्वा वर्षाच्या अवधीत दरीतील लोकांना पिके घेता आली आणि मसूद यांना उत्तरेकडील इतर प्रांतांत संघटना वाढविता आली. पुढे याच कामातून ‘शूरा-ए-नज्जार’ ही परिषद उभी राहिली. एप्रिल १९८४ मध्ये युद्धविराम संपून सर्वांत मोठी मोहीम सुरू झाली, तेव्हा मसूद यांनी आधीच दरीतील बहुसंख्य लोकांना बाहेर काढलेले होते. फौजेच्या हाती रिकामी घरे लागली. ही चाल यशस्वी झाली, तरी तिची किंमत दरीने दिली. गनिमाला वाचविण्यासाठी गाव उठवावे लागले.

करेज, शेत आणि हिजरत

गनिम पाण्यातील माशाप्रमाणे लोकांत राहतो असे म्हटले जाते. सोव्हिएत फौजेला मासे पकडता येईनात, तेव्हा पाणीच उपसण्याचा मार्ग तिने धरला. रस्त्यालगतच्या आणि प्रतिकाराच्या भागातील गावांवर बॉम्बफेक झाली, उभी पिके जाळली गेली, कालवे फोडले गेले. हेलिकॉप्टरमधून टाकलेल्या फुलपाखराच्या आकाराच्या लहान सुरुंगांनी गुराख्यांचे आणि मुलांचे हातपाय गेले.

या विध्वंसाचा अर्थ आपल्याकडील वाचकांना एका गोष्टीवरून चांगला कळू शकेल. बिदर येथील भूमिगत करेज, बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आणि औरंगाबादची नहर-ए-अंबरी यांची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नळीतून, ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवून, उताराने गावापर्यंत आणलेले असते. इराण आणि अफगाणिस्तान येथील करेजही याच जातीचे. तेथे मात्र तो शहराचा पाणीपुरवठा एवढाच नसून शेतीचा जीव आहे. करेज दर वर्षी साफ करावा लागतो, पाळीपाळीने पाणी वाटावे लागते आणि त्यासाठी गावाने निवडलेला ‘मीराब’ असतो. करेज ढासळला की पाण्याबरोबर गावाचा एकत्र बसण्याचा प्रसंगही जातो. युद्धात हे करेज लपण्याच्या जागा झाले आणि म्हणून लक्ष्यही झाले. १३ सप्टेंबर १९८२ रोजी लोगर प्रांतातील पदख्वाब-ए-शाना या गावी करेजमध्ये लपलेल्या १०५ लोकांना सोव्हिएत सैनिकांनी इंधन ओतून जाळल्याची साक्ष गावकऱ्यांनी दिली आणि ती आंतरराष्ट्रीय लोकन्यायाधिकरणापुढे नोंदली गेली.

लोक देश सोडू लागले. युद्धापूर्वी अफगाणिस्तानची लोकसंख्या दीड कोटीच्या आत होती. १९८० च्या दशकाअखेर पन्नास लाखांहून अधिक लोक पाकिस्तान आणि इराणमध्ये होते. त्यांनी आपल्या जाण्याला ‘हिजरत’ आणि स्वतःला ‘मुहाजिर’ म्हटले. या शब्दांमुळे निर्वासित होण्याच्या लाचारीला धार्मिक मान मिळाला, आणि कुटुंब छावणीत सुरक्षित ठेवून पुरुषांनी लढायला परत जाणे ही रीत पडली. मृतांची मोजणी कधीच झाली नाही. अंदाज सहा लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत, आणि दहा लाखांच्या आसपासचा आकडा अनेक अभ्यासक धरतात. सोव्हिएत बाजूचे सुमारे १५ हजार सैनिक मेले. कावीळ, विषमज्वर अशा रोगांनी रुग्णालयात गेलेल्या सोव्हिएत सैनिकांची संख्या चार लाखांवर होती.

प्रतिकाराची दुसरी बाजूही येथे नोंदविली पाहिजे. ग्रामीण भागातील शाळा सरकारी सत्तेचे चिन्ह मानली गेली आणि कित्येक ठिकाणी जाळली गेली. अनेक शिक्षक पक्षाचे सभासद होते म्हणून, आणि काही केवळ सरकारी पगार घेतात म्हणून मारले गेले. शिक्षकाला एका बाजूने तुरुंगात आणि दुसऱ्या बाजूने गोळीने गाठले. शिक्षणसंस्थेच्या नियतकालिकातून या युद्धाविषयी लिहिताना ही गोष्ट वगळणे योग्य होणार नाही.

पेशावरचे सात पक्ष

गावांच्या या युद्धाला शस्त्रे मिळत ती पेशावरहून. पाकिस्तान सरकारने सात अफगाण पक्षांना मान्यता दिली होती. बुर्‍हानुद्दीन रब्बानी यांची जमियत-ए-इस्लामी, गुलबुद्दीन हिकमतयार आणि यूनुस खालिस यांच्या दोन वेगवेगळ्या हिज्ब-ए-इस्लामी, अब्दुर्रब रसूल सय्याफ यांची इत्तिहाद-ए-इस्लामी, मौलवी मुहम्मद नबी मुहम्मदी यांची हरकत-ए-इन्किलाब-ए-इस्लामी, पीर सय्यद अहमद गैलानी यांचा महाज-ए-मिल्ली आणि सिबगतुल्लाह मुजद्दिदी यांची जबहा-ए-नजात-ए-मिल्ली, असे हे सात पक्ष होते. गैलानी हे कादिरी सिलसिल्याचे पीर. मुजद्दिदी घराणे आपली वंशावळ सरहिंदच्या शेख अहमद, म्हणजे मुजद्दिद अल्फ सानी यांच्यापर्यंत नेते. १९७९ च्या आरंभी तरकी सरकारने या घराण्यातील सत्तरहून अधिक पुरुषांना अटक करून संपविले होते.

अमेरिकेची मदत १९८० च्या सुमारास काही कोटी डॉलर होती, ती १९८७ मध्ये वर्षाला साठ कोटी डॉलरच्या वर गेली, आणि सौदी अरेबियाने जवळपास तेवढीच रक्कम घातली. शस्त्रे कोणाला किती द्यायची हे पाकिस्तानची लष्करी गुप्तचर संस्था आयएसआय ठरवीत असे. सर्वांत मोठा वाटा हिकमतयार यांच्या पक्षाला मिळाला, हे आता सर्वमान्य आहे. गावातील कमांडरला शस्त्रे हवी असतील तर या सातांपैकी एकाचे नाव घ्यावे लागे. छावणीत शिधापत्रिका मिळविण्यासाठीही व्यवहारात बहुधा तेच करावे लागे. मग एकाच दरीतील दोन कौम जुन्या पाणी-जमिनीच्या भांडणावरून दोन वेगळ्या पक्षांत गेले. पूर्वीचे भांडण जिर्ग्यात मिटत असे. आता त्याला रॉकेट लाँचर मिळाले.

गावातील सत्तेची उतरंडही बदलली. खान आणि मलिक यांचे वजन होते ते पाहुणचार, जमीन आणि मध्यस्थी यांवर. आलिमाचे वजन होते ते इल्मवर. नव्या कमांडरचे वजन पेशावरहून येणाऱ्या पेट्यांवर होते आणि त्यासाठी त्याला गावाचे मत विचारण्याचे कारण उरले नाही. हजारा लोकांच्या मध्य अफगाणिस्तानात १९७९ साली सय्यद बिहिश्ती यांच्या नेतृत्वाखाली ‘शूरा-ए-इत्तिफाक’ हे स्वतःचे प्रशासन उभे राहिले होते. काही वर्षांतच इराणच्या पाठिंब्यावरील गटांनी तिला मागे रेटले. पूर्वेला पेशावर आणि पश्चिमेला इराण, दोन्हीकडून हाच अनुभव आला.

कमांडरांना हे कळत नव्हते असे नाही. १९८७ च्या जुलैमध्ये इस्माईल खान यांनी घोर प्रांतातील सागर येथे सुमारे बाराशे कमांडरांची सभा भरविली. देशाचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार देशाच्या आत लढणाऱ्यांचा आहे, बाहेर बसलेल्यांचा नाही, असा या सभेचा सूर होता. पेशावरच्या पक्षांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना तो मानवला नाही.

माघार आणि त्यानंतर

स्टिंगर क्षेपणास्त्राने युद्ध जिंकले, असे सर्रास सांगितले जाते. त्याचा पहिला वापर सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ झाला. सोव्हिएत वैमानिकांना उंचावरून उडावे लागले आणि प्रतिकारकांना धीर आला, हे खरे. परंतु गोर्बाचेव्ह यांनी फेब्रुवारी १९८६ च्या पक्ष अधिवेशनातच अफगाणिस्तानला वाहती जखम म्हटले होते. माघारीचा विचार क्षेपणास्त्राच्या आधीचा आहे, आणि त्याच्या मागे सहा-सात वर्षे न संपलेले गावांचे युद्ध आहे.

१४ एप्रिल १९८८ रोजी जिनिव्हा येथे करार झाले. सह्या काबूल सरकार आणि पाकिस्तान यांच्या. हमीदार सोव्हिएत संघ आणि अमेरिका. लढणारे मुजाहिद या करारात पक्षकार नव्हते. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव्ह अमू दर्यावरील पूल ओलांडून गेले आणि ताबा संपला.

भारताची भूमिका या काळात अवघड राहिली. १४ जानेवारी १९८० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने परकी फौजा काढून घेण्याची मागणी १०४ विरुद्ध १८ मतांनी केली, तेव्हा भारत तटस्थ राहिला. सोव्हिएत मैत्री आणि पाकिस्तानचे शस्त्रीकरण हे दोन्ही विचार त्यामागे होते. वसाहतवादाविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्या देशाने एका शेजाऱ्यावरील ताब्याविषयी मौन पाळावे, हा पेच वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

माघारीनंतर लगेच मार्च १९८९ मध्ये पाकिस्तानच्या आग्रहाने पेशावरच्या पक्षांनी जलालाबादवर हल्ला केला. गनिमांनी खंदकातल्या नियमित सैन्यावर समोरून चाल केली आणि ते अपयशी ठरले. त्यापूर्वी शरण आलेल्या काही सरकारी सैनिकांना मारल्याची वार्ता पसरली होती, त्यामुळे शहरातील फौज शेवटपर्यंत लढली. त्याच वर्षी जुलैमध्ये उत्तरेत हिज्बच्या एका कमांडरने शूरा-ए-नज्जारच्या सुमारे तीस माणसांना वाटेत गाठून ठार केले. नजीबुल्लाह यांचे सरकार सोव्हिएत मदतीवर आणखी तीन वर्षे टिकले. ती मदत १९९२ च्या आरंभी बंद झाली, दोस्तम यांच्या फौजा फिरल्या आणि एप्रिलमध्ये मुजाहिद काबूलमध्ये शिरले. पुढील चार वर्षांत पक्षांच्या आपसांतील लढाईत शहराचे मोठे भाग बेचिराख झाले आणि हजारो नागरिक मेले. सोव्हिएत काळात काबूल शहर तुलनेने वाचले होते. त्याचा नाश मुक्तीनंतर झाला. १९९६ मध्ये तालिबानने ते ताब्यात घेतले.

समारोप

गावाला स्वतःचे युद्ध लढता आले, कारण त्याला मुख्यालयाची गरज नव्हती. शांतता टिकविण्यासाठी मात्र गावांच्या वर काहीतरी लागते : सर्वांना मान्य अशी सभा, न्यायाची एक रीत, पाण्याच्या वाटपासारखा सर्वांचा विश्वास असलेला व्यवहार. युद्धाने जुनी जिर्गा दुबळी केली, आणि मदतीच्या वाटांनी नवी सभा उभी राहू दिली नाही. पंजशीरमधील समित्या, हजारांची शूरा आणि घोरची सभा हे त्या दिशेचे प्रयत्न होते. ते अफगाणांनी स्वतः केलेले होते, म्हणून या देशाला एकी जमतच नाही हा निष्कर्ष टिकत नाही.

पुढचा इतिहास सर्वांसमोर आहे. ९ सप्टेंबर २००१ रोजी मसूद यांची हत्या झाली. त्यानंतर आलेल्या अमेरिकी व नाटो फौजा वीस वर्षे राहिल्या. त्यांनीही शहरे आणि रस्ते राखले, स्थानिक बंदूकधाऱ्यांना पैसा दिला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्या निघाल्या तेव्हा काबूलचे सरकार काही दिवसांत कोसळले. १९७९ साली हेरातमध्ये उठलेल्या सैन्यातील अधिकारी इस्माईल खान २०२१ साली त्याच हेरातमध्ये तालिबानच्या हाती सापडले.

वर्गात हा विषय शिकविताना महासत्तांच्या नकाशाबरोबर एखाद्या करेजचा नकाशाही फळ्यावर काढता येईल. पाणी कोठून येते, पाळी कोण लावतो, करेज ढासळल्यावर तो बांधायला कोण एकत्र येते आणि त्यांच्यात बंदूक कोणाच्या हाती आहे, असे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. त्यांच्या उत्तरांतून १९८९ चा विजय आणि १९९२ चे काबूल ही दोन्ही एकाच इतिहासाची पाने म्हणून वाचता येतील.